निरोप झाल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही

निरोप झाल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही, आणि का असं विचारायचं नाही – हा आमच्या घरचा नियम, दादा, म्हणून तर हा म्हातारा व्हिडिओ प्लेअर दुरुस्त करायला तुम्हाला बोलावलंय. कुठला निरोप काय – अहो, पूर्वी टीव्ही केंद्राचे कार्यक्रम रात्री संपायचे ना, निवेदिका यायची, आजचे कार्यक्रम इथेच संपले म्हणायची, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. ती निवेदिका म्हणजे माझी आत्या. पुढे केंद्र चोवीस तास चालायला लागलं, आत्या घरी बसली, पण तिचा शेवटचा निरोप बाबांनी टेप करून ठेवला. तेव्हापासून रोज जेवणं झाली की ही कॅसेट – बाबा, काका, आत्या ओळीने बसतात, आत्या पडद्यावरच्या आत्याला मान डोलावून दाद देते, आणि मुंग्या दिसल्यावरच अंथरुणं पडतात.

हसा, हसा. महिन्यापूर्वी हे यंत्र बंद पडलं आणि पंचाईत कुणाची झाली? माझी. बाबांनी मला टीव्हीशेजारी खुर्चीत बसवलं, म्हणाले, आता तू म्हण. एम. ए. झालेली मुलगी, दादा, रोज तीन माणसांचं केंद्र बंद करते. मुंग्यांची खरखरही मीच काढते – काल काका म्हणाले, आज मुंग्या जरा कमी पडल्या.

जमतं मला, खोटं कशाला बोलू – आत्यासारखं थांबणं, किंचित हसणं, सगळं. आवडतंसुद्धा – ते जाऊ दे. मला नोकरी लागली आहे, दुसऱ्या गावी, सोमवारी हजर व्हायचंय. जेवताना विषय काढला की काका पाणी मागतात, बाबा बातम्या लावतात. मग मी निरोपातच सांगायला लागले – प्रेक्षकहो, सोमवारपासून निवेदिका आपल्या सेवेत नसतील, त्यांचं तिकीट काढून झालेलं आहे. आठवडाभर सांगतेय. तिघं माना डोलावतात, आत्या म्हणते उच्चार सुधारलेत हं, आणि झोपायला जातात.

म्हणून हे आजच चालू करा. काय? हेड गेलंय, म्हणजे टेप वाचणारा भागच? कुठेच मिळणार नाही? – हळू बोला ना, दाराआड –

या बाबा, या सगळेच. ऐकलंत ना, मग बरं झालं. हो काका, खरंच जातेय. आत्या, मी गेल्यावर कोण म्हणणार ते मला नको विचारूस, तू आहेस की, आवाज कुठे गेलाय तुझा? नाही, सोमवारपर्यंतसुद्धा नाही. आज नाही, उद्या नाही. मी त्या खुर्चीत बसणार नाही. हे काही कार्यक्रमांपैकी नाहीये, बाबा, मी जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून तुमच्याशी बोलतेय. जा म्हणा, नाहीतर जाऊ नको म्हणा, पण एकदा काहीतरी बोला.

काका?

आत्या, तू तरी.

आवरा तुमची हत्यारं, दादा. यांना वेळ लागेल.