शालूबाईंचा चैत्रातला स्वेटर

...नाही तर काय! ज्या छातीला अर्ध्या अमडापूर गावानं हात लावून पाहिला ती ठणठणीत, आणि जी कोणाच्या नजरेलासुद्धा पडली नाही ती चिघळली! हा कुठला न्याय? तुम्हाला सांगते, मी तर पाहतच राहिले.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या घरात यंदा बायपासची दोन ऑपरेशनं झाली. आधी संक्रांतीच्या सुमाराला आमच्या ह्यांचं, म्हणजे भाऊरावांचं, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच शिमग्याला ह्यांच्या धाकट्या बहिणीचं, शालूबाईंचं. त्या मोताळ्याच्या, पण आराम करायला माहेरी आमच्याकडेच आल्या. आई एक, बाप एक, संभाजीनगरचा दवाखाना एक, डॉक्टरसुद्धा तोच! आणि काय करतात हो हे डॉक्टर लोक! छातीचं हाड मधोमध कापतात, हृदय थांबवतात, पायातली शीर काढून त्याला जोडतात, परत चालू करतात आणि वरून हाड तारेनं बांधतात. खरीखुरी तार! मी ह्यांचा एक्स-रे उजेडाला धरून पाहिला ना, आपण वावराच्या कुंपणाला पीळ मारतो तशी तार. आणि जी शीर इतकी वर्षं ढेकळांत वखराच्या मागे चालली, ती आता वर हृदयात कामाला! मी पाहतच राहिले.

तर आमचे हे घरी आले आणि यात्राच सुरू झाली. कोणी आलं की ह्यांची बटनं उघडलीच. "या उकंडराव, पाहा!" शेजारचे उकंडराव वाकून पाहतात, "अबे भाऊराव, हे तं पोत्याची शिवण आहे बे!" आणि पाहतात म्हणजे नुसत्या डोळ्यांनी का? बोट फिरवलं वरून खालपर्यंत! मी ओरडले, "भाऊजी, हात धुतले का?" तर म्हणतात, "वहिनी, आत्ताच तं तंबाखू मळली, हात साफच आहे!" मग मी दारात बादली आणि साबण ठेवला. तर लोक पाय धुऊन आत यायला लागले! स्वच्छ पाय, आणि चुन्याचं बोट जखमेवर! आणि एवढं होऊन ह्यांच्या जखमेला काही झालं का? काही नाही! पांढरी रेघ उरली फक्त. मी पाहतच राहिले.

आता शालूबाईंचं ऐका. त्यांना भेटायला बाया आल्या की पदर थेट गळ्यापर्यंत. "दाखवा ना हो ताई, केवढं कापलं?" "अगं बाई, काय दाखवायचं त्यात? माणसाची गोष्ट येगळी." आणि पदराखाली काय माहीत आहे? स्वेटर! चैत्र महिना, पंखा नुसती गरम हवा ढकलतोय, कुत्रंसुद्धा न्हाणीच्या ओल्यात पसरलंय, आणि ही बाई लाल लोकरीचा स्वेटर घालून बसलेली! मी विचारलं, "शालूबाई, काऊन हो स्वेटर?"

"दादानं सांगतलं. डॉक्टरचा हुकूम आहे म्हणे, छातीवर जाड कपडा पाह्यजे. दिवसरात्र."

आता जो माणूस हृदय थांबवून चालू करतो त्यानं सांगितलं म्हटल्यावर आपण कोण विचारणार? पण घाम म्हणजे किती यावा माणसाला! आणि अंग पुसून देते म्हटलं तर मला दार लावायला सांगायच्या. बाहेरून!

मग एक दिवस दोरीवरचा टॉवेल उचलला, तर त्याच्याखाली लपवून वाळत घातलेलं त्यांचं ब्लाउज. स्वतः धुतलेलं! एका हातानं तांब्या उचलायची मनाई असलेली बाई! आणि त्यावर पिवळट डाग. मी घेऊनच गेले.

"हे काय हो?"

"काही नाही वहिनी, वरण सांडलं."

"वरण ब्लाउजच्या आतून सांडते का?"

तशा रडायलाच लागल्या. "दादाचं कसं साजरं भरलं! माह्यंच काऊन असं? तारा तुटल्या असतीन का वो? पुन्हा उघडतीन मले? आता उघडलं तं मी नाही वाचत, वहिनी."

मी दार लावलं, आतून लावलं, आणि पाहिलं. रेघेचं वरचं टोक कसं छान मिटलेलं, आणि खाली, जिथं घाम साचतो तिथं, लाल होऊन तोंड उघडलेलं. पायाचीही तीच गत, घोट्याच्या वर ओलं. शुगर आहे त्यांना, ती वेगळीच.

लगेच जीप केली आणि बुलढाण्याला डॉक्टर नीरजा मॅडमकडे नेलं. आता पेशंट कोण? शालूबाई. आणि मॅडमच्या समोर जाऊन बटनं कोणी उघडली? आमच्या ह्यांनी! "पाहा मॅडम, माही कशी भरली! सेम डॉक्टर!"

"फारच छान काका. बटनं लावा आणि बाहेर बसा."

मग मॅडमनी तो स्वेटर काढला. दोन बोटांत धरून लांब केला. शालूबाईंचा हात माझ्या हातात, बर्फासारखा, त्या चैत्रात! मॅडमनी दाबून पाहिलं, खोकायला लावलं, आणि म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलेलं नाही. तारा घट्ट आहेत. आणखी थांबला असतात तर मात्र मी असं बोलू शकले नसते." तेव्हा कुठं शालूबाईंनी श्वास सोडला. मीसुद्धा.

मी विचारलं, "मॅडम, भाऊ-बहीण, एकच ऑपरेशन, मग हिचंच का?"

त्या म्हणाल्या, "पुरुषाची छाती सपाट, जखमेला हवा लागते. त्यांचे त्रास वेगळे, छातीवरचे केस, विडी वगैरे. बाईच्या छातीचं वजन टाके खाली आणि दोन्ही बाजूंना ओढतं, खाली घाम साचतो. म्हणून पुढून उघडणारी, रुंद पट्ट्याची, सुती ब्रा दिवसरात्र घालायची असते. पायाची जखमसुद्धा आमच्याकडे बायकांचीच जास्त वेळा चिघळून येते. का, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

म्हणजे बघा! हृदय थांबवून शिवता येतं, आणि बाईचा घोटा का चिघळतो ते अजून शोधतायत! मी पाहतच राहिले.

मॅडमनी ह्यांना आत बोलावलं. "काका, सुट्टी होताना डॉक्टरांनी ब्राचं सांगितलं नव्हतं?" त्या वेळी मी खाली औषधांच्या रांगेत, शालूबाई अर्ध्या गुंगीत, आणि अनुभवी माणूस म्हणून हेच पुढे उभे! हे आपले छताच्या पंख्याकडे पाहतात.

"सांगतलं होतं."

"मग?"

"मी भाऊ आहे नं मॅडम तिचा! बहिणीले असं कसं सांगू? म्हणून म्हटलं, जाड कपडा घाल."

"अहो, मग मला सांगायचं ना!" मी म्हटलं.

"तुले सांगतलं असतं तं तू तिले सांगतलं असतं. मंग तिले समजलं असतं नं, का मी बोललो म्हणून!"

घ्या! ज्या माणसानं अख्ख्या गावाला छाती उघडून दाखवली, त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही! शालूबाई रडता रडता हसायला लागल्या, आणि हसताना टाके ओढले म्हणून परत रडायला.

ह्यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. मॅडम म्हणाल्या, "दोघी इथं ड्रेसिंगला थांबा. काका, दुकान समोरच आहे, मापाची चिठ्ठी देते." हे ताडकन उठले. "हाव! माह्यामुळं झालं, मीच आणतो!" आणि असे निघाले, जसे सीमेवर निघाले.

आलोच म्हणाले, पण येईनात. ड्रेसिंग झालं, चहा झाला, तेव्हा घामाघूम होऊन आले. पिशवी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पिशवी उघडली.

स्वेटर!

"दुकानात बाया होत्या वो," भिंतीला सांगतात. "पोरगी म्हणे, काका काय दाखवू? मंग चिठ्ठी खिशातून निघालीच नाही."

चैत्रात, बुलढाण्यात, दुकानदाराला माळ्यावर चढवून, गठ्ठे सोडवून, स्वेटर आणला ह्या माणसानं! मी काही बोलणार तेवढ्यात हळूच म्हणतात, "पण ह्या बारीला बिनबाह्याचा आणला. ऊन लई आहे नं."

मग काय, चिठ्ठी घेतली त्यांच्या खिशातून आणि गेले मीच.