कोळ्याच्या पिल्लांचा डबा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या. आजचे सत्कारमूर्ती, कीटक विभागाचे तात्या. त्यांच्याशेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आपल्या काकू. आणि बाहेर चहा आल्याचा वास लागल्यामुळे दाराकडे बघत बसलेल्या माझ्या तमाम सहकाऱ्यांनो,

कोळी हा कीटक नव्हे, हे तात्यांनी मला लिफ्टमध्ये, जिन्यावर आणि एकदा माझ्या मुलीच्या लग्नातही सांगितलंय. पण दारावरची पाटी बदलत नाही, त्याला मी काय करू?

मी संग्रहालयाच्या ग्रंथालयात बसते. तात्यांचं कोळीघर माझ्या भिंतीपलीकडे. मला कोळ्यांची भयंकर भीती वाटते. अशी बाई तात्यांबद्दल काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. रास्त आहे.

तर, तात्या रोज सकाळी फुलं घेऊन यायचे. ताजी, कागदात गुंडाळून. कुणासाठी? आपल्याकडे एवढे पदवीधर, पण निष्कर्ष एकच निघाला: तिकीट खिडकीवरच्या ताईंसाठी. ताई, हसू नका, तुम्हीही तेव्हा खिडकीची काच पुसून ठेवायला लागला होतात.

मग तात्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी तेव्हाच कोळ्यांची पिल्लं अंड्यांच्या पिशवीतून बाहेर आली. प्रत्येकाला वेगळी बरणी. सख्खी भावंडं खरी, पण एकत्र ठेवली तर सकाळी एकच उरतं, आणि ते गुटगुटीत असतं. साहेब म्हणाले, "तात्या, निश्चिंत राहा. मी जातीनं बघतो."

साहेबांनी खरंच बघितलं. पिकलेल्या केळ्यावर जमणारी चिलटं बरण्यांत सोडली. पण साहेबांना टापटिपीची आवड. "शी, काय जळमटं ही!" म्हणून ते रोज संध्याकाळी रंगाच्या ब्रशनं प्रत्येक बरणीतलं जाळं काढायचे. लेखापाल मदतीला, माळी मदतीला. बरण्या अशा लखलखीत, की प्रेक्षक त्यात भांग पाडत होते.

पिल्लं मात्र वाळत चालली. कुणी म्हणालं, खाणं कमी पडतंय, मोठ्या माश्या सोडा. सोडल्या. पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं आणि माशी त्याची विचारपूस करतेय, असा देखावा.

शेवटी इस्पितळातून कोळीघरात तात्यांचा फोन आला, साहेबांनी तो स्पीकरवर घेतला. "साहेब, जुनी जाळी कुठे जातात?"

"कचऱ्यात. काळजीच नको!"

"अहो, पिल्लं जुनं जाळं गुंडाळून खातात, त्याच्या जोरावर नवं विणतात. तुम्ही रोज त्यांचा डबा फेकून देताय!"

मग ब्रश टोपलीत पडल्याचा आवाज आला. माफ करा साहेब, पण मी भिंतीला कान लावून होते.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, हातात फुलं. तिकीट खिडकीसमोरून ताडताड गेल्या, आम्ही श्वास रोखले. त्या थेट कोळीघरात शिरल्या आणि प्रत्येक जाळ्यावर फूल झटकायला लागल्या. चिकट धाग्यांवर परागकण बसले. "एवढीशी पिल्लं," काकू म्हणाल्या, "चिलट मिळेल तेव्हा मिळेल. जाळं खाताना हे तरी पोटात जातं. यांच्यापायी माझ्या कुंडीत एक फूल टिकत नाही!" आमचा निष्कर्ष तिथेच आटोपला. बरीचशी पिल्लं वाचली.

आता मुद्द्याचं बोलते. तात्या आज निवृत्त होतायत आणि परवाच कोळीघरात नवी पिल्लं निघाली आहेत. "सांभाळायला कोण तयार आहे?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तात्यांवर जीव टाकणारे आपण सगळे आपापले बूट न्याहाळत होतो. कुणी नसेल तर कोळीघर बंद, आणि पिल्लं मागच्या बागेत, पक्ष्यांच्या हवाली. तेव्हापासून तात्या कँटीनमध्ये जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

म्हणून काल दुपारी मी आत गेले. तात्यांनी एक पिल्लू माझ्या हातावर ठेवलं. मी किंचाळले. किती, ते विचारू नका. तळमजल्यावरची शाळेची सहल बाहेर पडायचा रस्ता शोधायला लागली. पण हात हलवला नाही. तात्यांनी धाग्याला धरून पिल्लू अलगद उचललं आणि म्हणाले, "आवाज चालेल. हात थरथरायला नको." मग ते खाली जाऊन पोटभर जेवले.

साहेब, कोळीघराची किल्ली सकाळपासून माझ्या पर्समध्ये आहे. तात्यांनी दिली, मी घेतली. तुम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मला बोलू दिलंत, चहा निवत असूनही ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. पिल्लांच्या बाबतीत मात्र कमीजास्त चालणार नाही. तेव्हा तात्या, सोमवारी सकाळी दाराशी येऊन उभे राहा. आत मी जाते. फक्त तुम्ही तिथून हलू नका.