हद्द चालून दाखवा

चहा निवंल तर निवू द्या, पण हे ऐकाच. सोनपेठकडच्या आमच्या गावात सरपंचांनी वॉर्ड असे पाडून घेतले की आमची वस्ती मधोमध फाटली. आमचा माणूस कधी निवडूनच यायचा न्हाई. माझ्या कांतामावशीनं तहसीलला हरकत घेतली.

चौकशीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "सरपंच, नकाशावरची हद्द जरा चालून दाखवा."

सरपंच ऐटीत पुढं निघाले. बोळ संपला अन् त्यांच्याच म्हशींचा गोठा आडवा आला.

"मॅडम, इथून रस्ता न्हाई."

"मग हद्द कशी गेली?"

मावशी म्हणाली, "आमी बी तेच इचारायलोत."

आता हद्द मोठ्या रस्त्यानं सरळ जाते, अन् आमची अख्खी वस्ती एकाच वॉर्डात आलीय. मावशी औंदा उभी हाय. घरोघर सांगायलीय, "मत कुणालाबी द्या, आता वाया जायचं न्हाई."