न घेतलेल्या मुलाखतीचे गुण

जबाब, दि. १९/०१/२०२६

नाव: विश्वजीत सुदर्शन औताडे, वय २३ वर्षे, शिक्षण: बी.सी.ए. द्वितीय वर्ष (अपूर्ण), व्यवसाय: वेबसाइट तयार करणे, रा. पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी आई व लहान बहीण प्रेरणा यांच्यासह राहतो. वेबसाइट तयार करण्याचे काम मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. या प्रकरणातील फिर्यादी अप्पाराव हरिभाऊ शेजूळ हे एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आहेत. त्या संस्थेची वेबसाइट मी तयार केली आहे.

ही संपूर्ण वेबसाइट पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एकदाच उतरते. पुढे कोणत्या पत्त्यावर, म्हणजे लिंकवर, कोणते पान दाखवायचे, हे मोबाइलमधलाच एक छोटा प्रोग्राम ठरवतो. त्याला राउटर म्हणतात. पाने मोजकीच असल्याने मी जावास्क्रिप्टमधला चाळीस ओळींचा हलका राउटर वापरला. तो आलेला पत्ता माझ्या यादीशी वरून खाली ताडून पाहतो. पत्ता यादीत नसेल तर ‘पान सापडले नाही’ असे दाखवतो.

हे वाक्य अध्यक्षांना पसंत पडले नाही. ते म्हणाले, “आपल्या संस्थेत सापडत नाय असं काय बी नसतं. काढ ते.” त्याऐवजी काय दाखवू, असे मी विचारले. “काय बी दाखव, पण कायतरी दाखव.” म्हणून पत्ता न जुळल्यास यादीतले शेवटचे पान उघडावे, असे मी केले. तेव्हा शेवटचे पान अध्यक्षांच्या सत्काराच्या फोटोंचे होते. अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले.

संस्थेत लिपिकाच्या चार जागांसाठी एकसष्ट उमेदवारांच्या मुलाखती दि. १७ रोजी सकाळी ११ वाजता ठरल्या होत्या. दि. १४ रोजी कार्यालयाने सर्वांना प्रवेशपत्राच्या पानाची लिंक मोबाइलवर पाठवली. दि. १५ रोजी अध्यक्षांनी ते पान काढायला लावले. म्हणाले, “प्रवेशपत्र कशाला? ज्यांना घ्यायचं त्यांना आपण वळखतोच की.” मी पान काढले. लिंक एकसष्ट मोबाइलमध्ये तशीच राहिली.

दि. १६ रोजी दुपारी ४.१० वाजता अध्यक्षांनी मला त्यांच्या केबिनमध्ये एक टाइप केलेला कागद दिला. त्यावर एकसष्ट नावे व प्रत्येकापुढे मुलाखतीचे पन्नासपैकी गुण होते. चौघांपुढे ‘निवड’ असे होते. मी म्हणालो, “साहेब, मुलाखती उद्या आहेत.” ते म्हणाले, “व्हय. म्हणून तर आज देतोय. उद्या लई गडबड असती. सोमवारी जाहीर करू. तवर मेनूत नाव देऊ नको म्हणजे झालं.” मी मेनूत नाव दिले नाही. सर्व नावे व गुण दोनदा तपासले. पान मात्र राउटरच्या यादीत सत्काराच्या खाली, म्हणजे सर्वांत शेवटी नोंदवले. ही चूक माझी आहे.

दि. १७ रोजी सकाळी १०.२५ वाजता मला फोन आला. वेबसाइटच्या तळाशी माझा नंबर आहे. बोलणाऱ्या बाईंनी आपले नाव मुनिरा कमरोद्दीन शेख, रा. पडेगाव, उमेदवार, असे सांगितले. प्रवेशपत्रासाठी आलेली लिंक दाबल्यावर त्यांच्यासमोर गुणांची यादी उघडली होती. प्रवेशपत्राचे पान काढलेले असल्याने राउटरने शेवटचे पान दाखवले होते. त्या म्हणाल्या, “भैया, मैं अभी गेट पे खडी हूँ. अंदर बी नहीं गई. मेरे को ग्यारा कैसे मिले?” मी तांत्रिक अडचण असेल असे सांगितले. त्या म्हणाल्या, “वो चार लोगां को तो कुछ अडचण नहीं दिखती.”

मी १०.३२ वाजता गुणांची यादी काढून टाकली. तोपर्यंत गेटवरच्या बहुतेकांनी तिचे फोटो काढले होते. मुलाखती ठरल्याप्रमाणे ११ वाजता सुरू झाल्या. मुनिरा शेख यांना आत फक्त नाव विचारले, असे त्यांनी नंतर सांगितले.

दि. १८ रोजी अध्यक्षांनी अज्ञात इसमाने वेबसाइट हॅक केल्याची फिर्याद दिली. आज जबाबापूर्वी ते मला या ठाण्याच्या व्हरांड्यात भेटले. म्हणाले, “बाळा, हॅक झालं म्हण. तू बी सुटला, मी बी.” हॅक कोणी केले म्हणून सांगू, असे मी विचारले. “ते बाहेरदेशातलं कोणीतरी असतं. त्याचं नाव कोण इचारतंय?” नंतर म्हणाले, “प्रेरणा आपल्याच कॉलेजात हाय ना, बारावीला? तोंडी परीक्षा जवळ आली असंल. हुशार पोरगी हाय.”

वेबसाइटमध्ये बाहेरचा कोणीही शिरलेला नाही. पासवर्ड कोणी फोडलेला नाही. संस्थेनेच पाठवलेल्या लिंकवर उमेदवारांनी बोट ठेवले, एवढेच झाले. तो टाइप केलेला कागद मी हजर करत आहे. त्यावर मुनिरा शेख यांच्यापुढचे १४ खोडून पेनने ११ केलेले आहेत. कारण मला माहीत नाही. अक्षर अध्यक्षांचे आहे.

प्रेरणाची तोंडी परीक्षा दि. २८ रोजी आहे. तिला किती गुण पडले आहेत, हे मला माहीत नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवला व नंतर मी स्वतः दोनदा वाचला. एके ठिकाणी ‘वेबसाइट हॅक झाल्यावर’ असे लिहिले गेले होते. ते मी सांगितलेले नव्हते. ते खोडून ‘लिंक दाबल्यावर’ असे करून घेतले व बाजूला माझी सही केली. आता मजकूर मी सांगितला तसाच आहे.