मीटिंगमधलं मराठी

— त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो, इकडं सोफ्यावर बसा. आणि ते बूट द्या माझ्याकडं. हां, दादाचेच हे. म्हणजे हे तुमच्या ऑफिसात जाऊन पोचले? लॅपटॉपची वाट बघत होता आणि खोक्यातनं बूट निघाले — कुणी उघडला खोका? तुम्हीच? बरं झालं, दुसऱ्या कुणी उघडला असता तर कचऱ्यात टाकले असते. काय झालं सांगतो. कुरियरवाला आला, रिकामा खोका देऊन गेला, वर कंपनीचं नाव, पत्ता सगळं आधीच चिकटवलेलं. मला वाटलं, कंपनी माणसाचं सामान गावी पोचवते. दादा गेला, तर त्याच्या वस्तू आईकडं पाठवायला खोका दिलाय — मोठी कंपनी आहे, करत असतील. म्हणून मी चांगले चांगले बघून बूट खोक्यात घातले, त्याचं ते निळं स्वेटर घातलं, आणि जागा उरली म्हणून चष्मा, मोज्यात गुंडाळून. आईला फोन करून सांगितलं पण, की येतंय. ती रोज विचारते, आलं नाही अजून. आता काय सांगू तिला? स्वेटर आणलंत का, चष्म्यासकट? गाडीत आहे? राहू द्या, जाताना द्या.

सुमंत सर ना तुम्ही? नाव सांगायची गरज नव्हती. दारात 'नमस्कार' म्हणालात तेव्हाच ओळखलं, आवाजावरनं. तोंड आज बघतोय, पण आवाज — पाच महिने ऐकलाय मी तो. मी नंदू. तुम्ही मला अहो-जाहो नका करू, मी लहान आहे तुमच्यापेक्षा, आणि खरं सांगू का, मला ते ऐकून कसंतरी होतं. दहावीला दोनदा बसलो आणि सोडून दिलं, गावाकडं टेंपो चालवतो. दादाचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा आईनं मला पाठवलं, अमेरिकेचा व्हिसा मिळाला सहा महिन्यांचा — जा, त्याला भाकरी करून घाल, म्हणाली. तोवर मला भाकरी येत नव्हती. इथं येऊन शिकलो, आईला व्हिडिओवर दाखवत दाखवत. इथं टेंपो नाही, गाडी चालवायला लायसन नाही, चालत जावं तर चालायला रस्ता नाही, नुसते मोठे मोठे रस्ते आणि त्यावर गाड्या. प्लेनो, प्लेनो करत होता दादा फोनवर, मला वाटायचं केवढं गजबजलेलं असेल. या जिन्यात चार घरं आहेत, एकाचं पण नाव मला माहीत नाही. भेटले की हाय म्हणतात, मी पण म्हणतो, की संपलं.

चहा टाकतो. नको कसं — टाकतो.

काय सांगत होतो? आवाज. दादा ऑपरेशननंतर घरनं काम करायचा ना, ते तिथं, जेवायच्या टेबलावर. मी इथं ओट्याशी. दहा वाजले की तुमची मीटिंग. आता मला इंग्रजी येत नाही. म्हणजे दुकानात पाटी वाचण्याइतकं येतं, पण ते भराभर बोलायला लागले की नुसता पत्र्यावर पाऊस. तासभर तसंच चालायचं, आणि मधेच एखादं वाक्य लख्ख मराठीत. तुमचं. 'काय रे पाटील, कोड लिहितोयस का औत हाकतोयस?' मग तुम्ही हसायचा, तुम्ही हसलात म्हणून ते बाकीचे हसायचे, आणि पुन्हा इंग्रजी सुरू. म्हणजे बघा — तुमच्या अख्ख्या मीटिंगमधलं मला कळायचं ते तेवढंच. दादानं काम किती केलं, चांगलं केलं की वाईट, कुणी त्याला शाबासकी दिली का, यातलं काही मला कधी कळलं नाही. मला कळलं ते फक्त तुम्ही त्याला काय म्हणालात ते. पाटील तर आम्ही नाही पण. घाडगे आम्ही. तुम्हाला माहितीये ते.

एकदा मी फोडणी दिली आणि ते छताला लावलेलं धुराचं भोंगाट बोंबलायला लागलं — इथं मिरची तडतडली की घर पेटलं असं वाटतं त्याला. मी खुर्चीवर चढून टॉवेलानं वारा घालतोय, आणि तिकडनं तुम्ही, 'पाटील, चूल मांडली का घरात? म्हशी पण आणल्यात का?' सगळे हसले. त्यांना काय कळलं म्हणून हसले? ती केली नावाची बाई आहे ना तुमच्याकडं, तिनं नंतर दादाला विचारलं म्हणे, की सर तुला मधेमधे काय म्हणतात. दादानं काय सांगितलं असेल? त्यानं सांगितलं, सर विचारतात, जेवलास का. मला त्यानंच सांगितलं हे, हसत हसत. ती बाई म्हणाली, किती छान, आम्हाला आजवर कुठल्याच साहेबानं असं विचारलं नाही.

तुम्हाला हे माहीत नव्हतं. नाही, तुमच्या तोंडावर दिसतंय. असू दे.

साखर किती? — आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं असंच बोलतात, चेष्टा असते ती, माया असते. दादा पण तेच म्हणायचा. माया आहे रे त्यांची, पुण्याच्या माणसाची असते एकेकाची अशी रीत. मी काय चेष्टा बघितली नाही? स्टँडवर आम्ही टेंपोवाले एकमेकाच्या आयमायवर असतो दिवसभर. पण मी बोललो की समोरचा पण बोलतो. त्यानं माझ्या ढेरीवर बोलायचं, मी त्याच्या सासऱ्यावर. फिटंफाट. दादा तुम्हाला उलट कधी काही बोलला? एवढ्या वर्षांत? तुमच्या टकलावर, तुमच्या त्या नाकात बोलण्यावर — हो, नाकात बोलता तुम्ही, रागावू नका — एकदा तरी बोलला? नाही ना. घरात मला नक्कल करून दाखवायचा तुमची. हुबेहूब करायचा. इथं, ह्या ओट्याला टेकून. पण तिथं टेबलावर बसला की, हो सर, हा हा सर. ज्याला उलट बोलता येत नाही त्याची चेष्टा करायला काय लागतं? आमच्यात त्याला चेष्टा म्हणत नाहीत.

आणि मग तो दिवस. माहितीये तुम्हाला कुठला. दादा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच थोडा मोठ्यानं बोलत होता, काहीतरी मांडत होता त्या सगळ्यांपुढं, मला वाटलं आज गाडी रंगात आहे. कणीक मळता मळता थांबून ऐकत होतो, कळत काही नव्हतं, पण ऐकायला बरं वाटत होतं. आणि तुम्ही म्हणालात, 'बास कर पाटील. डॉक्टरनं छाती उघडली तेव्हा आत काही सापडलं का, का रिकामंच होतं?' आणि दादा हसला. हसताना त्यानं छातीवर हात धरला होता, टाके दुखायचे ना हसलं की. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. पिठाच्या हातानं तसाच गेलो आणि त्या लॅपटॉपवर वाकून बोललो — 'ए, माझ्या भावाशी नीट बोल.' अरे-तुरेच केलं.  चौकोनात ती सगळी तोंडं, ती केली, तो लांब केसांचा पोरगा, सगळे माझ्याकडं बघतायत. तुमचा चौकोन काळाच होता, तुम्ही कॅमेरा लावत नाही. दादानं फाटकन झाकण मिटलं.

मी चूक केली असं म्हणत नाही. आज परत झालं तर परत करेन.

पण त्यानंतर काय झालं? दुसऱ्या दिवशी दहा वाजले, मीटिंग सुरू झाली, मी हात पुसत उभा. इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी. मग तुम्ही बोललात — दादाला 'प्रताप' म्हणालात, मग इंग्रजीत काहीतरी, मग 'प्लीज', मग 'थँक यू'. त्याच्या पुढच्या दिवशी पण तेच. तेव्हापासनं शेवटपर्यंत एक शब्द मराठीत बोलला नाहीत त्याच्याशी. प्लीज आणि थँक यू. मी दादाला म्हटलं, बघ, कसे सुतासारखे सरळ झाले.  तो दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. मग एका संध्याकाळी जेवताना ताट सारून म्हणाला, तुला काय कळतं रे? त्या अख्ख्या कंपनीत एकच माणूस माझ्याशी आपल्या भाषेत बोलत होता. शिव्या तर शिव्या. तो पण घालवलास. आता मला त्या मीटिंगमध्ये कुणी ओळखत नाही.

हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. मी ठरवलं होतं, तुम्ही आलात की लॅपटॉप द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

त्याला वाटत होतं तुम्ही परत म्हणाल. वाट बघायचा. मीटिंगमध्ये तुमची पाळी आली की असा ताठ बसायचा. मला चीड यायची, आणि — खोटं कशाला बोलू — मी पण ओट्याशी हात थांबवून ऐकायचो. दादा दमलेला असायचा, दिवसात चार वाक्यं बोलायचा माझ्याशी, त्यातली दोन गोळ्यांबद्दल. तुमचं ते एक वाक्य यायचं तेव्हा घरात तिसरं माणूस आल्यासारखं वाटायचं. वाईट का होईना. शेवटी त्या मंगळवारी दुपारी खाली तळ्याभोवती फेरी मारायला म्हणून गेला. मी म्हटलं, येऊ का? म्हणाला, नको, भात बघ. मी भात बघत राहिलो. एक बाई दार ठोकत आली, काय सांगत होती मला कळेना, मी नुसतं यस यस म्हणत होतो. यस म्हणत होतो मी. मग तिनं माझा हात धरून ओढत खाली नेलं.

चहा गार होतोय तुमचा.

रविवारचं म्हणताय. इथल्या मंडळाच्या उत्तरा काकूंचा फोन आला होता मला, लायब्ररीच्या हॉलमध्ये आपले मराठी लोक जमणार आहेत दादासाठी, आणि सुमंतांना दोन शब्द बोलायचेत, पण घरच्यांनी हो म्हटलं पाहिजे. घरचे म्हणजे आता इथं मीच. म्हणून आलात, लॅपटॉप न्यायला तर तुमचा शिपाई पण आला असता. आता मला सांगा, काय बोलणार? कष्टाळू होता, नम्र होता, खेड्यातनं आला आणि नाव काढलं. मी डोळ्यापुढं आणू शकतो. चांगलं बोलाल तुम्ही, लोक रडतील. त्यापेक्षा असं करा ना — तिथं माईक धरून उभं राहा आणि त्याच्याशी बोलायचात तसं बोला. औत, म्हशी, रिकामी छाती, सगळं. माया होती ना? मग मायेचं सांगायला काय हरकत आहे? जमेल?

नाही जमणार. कसं जमेल. तिकडं मीटिंगमध्ये वीस माणसांत बोलायचात, कारण त्या विसांना कळत नव्हतं. रविवारी हॉलमधल्या सगळ्यांना कळेल.

नाही सर. तुम्ही बोलायचं नाही. काकूंना मी कळवतो. या, बसा, पहिल्या रांगेत बसा, फुलं वाहा. बोलायचं नाही. मग कोण बोलणार ते माहीत नाही मला, मला उभं राहून बोलता येत नाही. कुणी नाही बोललं तर नाही. बसतील सगळे गप्प.

ते ठरलं. राग नाही धरायचा. आता चहा घ्या. दुसरा टाकू? गरम टाकतो — थांबा, पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे, अस्थी हातातल्या पिशवीत नेता येतात का, तेवढं तरी विचारायचं होतं कुणालातरी. किंवा नका सांगू. काहीच बोलू नका. नुसते बसा थोडा वेळ, मी भांडी घासतो तोवर. नाहीतर बोला, काहीपण बोला, माझी चेष्टा करा, टेंपोवाला म्हणा, मी काही नाही म्हणणार, खरंच, मी नुसता —

उठलात.

नाही नाही, बरोबर आहे, कामं असतात. हा घ्या लॅपटॉप, ही वायर. स्वेटर गाडीत असू द्या, रविवारी आणा. नाही, मी खाली येत नाही सोडायला. खाली आलो की परत एकट्यानं वर यावं लागतं. दार नुसतं ओढून घ्या, लागतं ते. जा.