अण्णांनी हाक मारली नाही

भाऊ : ‘…दोन तास अण्णा पॅसेजमध्ये फरशीवर पडून होते. लेकीच्या खोलीचं दार हाताच्या अंतरावर होतं. पण त्यांनी हाक मारली नाही. आत तिच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण चाललं होतं.’ इथपर्यंत झालंय. कसं वाटतं, ताई?

ताई : हे कुणी लिहायला सांगितलं तुला?

भाऊ : तुझ्या संपादकांनी. काल फोन आला होता. म्हणाले, पुस्तकाच्या सुरुवातीला वडिलांवर दोन पानं हवीत, आणि ती मुलानं लिहिलेली बरी. मला कुठलं एवढं लिहिता येतं? रजेचा अर्ज लिहितानाही घाम फुटतो. पण हे आपसूक आलं बघ.

ताई : ते छापायचं नाही.

भाऊ : का? अण्णा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, असा बाप मिळायला भाग्य लागतं.

ताई : माहितीये. मी चहाचे कप गोळा करत तिथंच होते. बस जरा. उभ्याउभ्या ऐकू नकोस.

भाऊ : बसलो. बोल.

ताई : मी त्या दिवशी खोलीत नव्हते.

भाऊ : म्हणजे?

ताई : सिनेमाला गेले होते. तीनच्या खेळाला. दोन वाजता कामाच्या मावशी अण्णांचं जेवणखाण आटपून गेल्या. मी म्हटलं, अण्णा, दार लावून बसतेय, शेवटचं प्रकरण आहे. त्यांनी लगेच रेडिओ बंद केला. मी खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

भाऊ : पण तूच मला फोनवर म्हणालीस, साडेपाचला दार उघडलं आणि अण्णा दिसले.

ताई : दार उघडलं हे खरंच. फक्त ते घराचं होतं.

भाऊ : चोरून कशाला जायचं? अण्णांनी कधी अडवलं होतं तुला?

ताई : अण्णांनी नाही. पुस्तकाची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, तेव्हा तू इथंच बसून म्हणालास, हिचे सिनेमे बंद करा, तरच ते पूर्ण होईल. अण्णा हसले, पण मनावर घेतलं त्यांनी. खोकला आला तरी तोंडावर उशी धरायचे. आणि मी आत अकरा दिवस एकाच वाक्यावर अडलेली. त्या शांततेत चहाला उठायचीही लाज वाटायला लागली होती.

भाऊ : म्हणजे माझ्यावर आणलंस.

ताई : नाही. गेले ती मीच. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

भाऊ : आणि अण्णांना? शेवटपर्यंत कळलंच नाही?

ताई : कळलं. मी आले तेव्हा त्यांचं तोंड बाहेरच्या दाराकडेच होतं. माझ्या खांद्याला पर्स, पायांत चपला. सगळं बघितलं त्यांनी. म्हणाले, ‘झालं का लिहून?’ मी म्हटलं, झालं. मग अँब्युलन्सला फोन केला.

भाऊ : थांब. ऑपरेशनला नेण्याआधी त्यांनी मला मुद्दाम जवळ बोलावलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं, शब्दाशब्दाला कळ येत होती. तरी म्हणाले, तिला बोल लावू नकोस, ती आत लिहीत होती, मीच हाक मारली नाही. हे सगळं माहीत असून?

ताई : माहीत होतं म्हणूनच.

(भाऊ हातातल्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवतो.)

भाऊ : चार दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होतो. चार दिवस ते माझ्याशी खोटं बोलले. तुझ्यासाठी.

ताई : हो.

भाऊ : संपादकांना काय सांगू?

ताई : तू काही सांगू नकोस, मी सांगते. पुस्तक शुक्रवारी छपाईला जाईल. अण्णा गेल्यावर तीन दिवसांत ते प्रकरण लिहून झालं, कुठं अडलंसुद्धा नाही. त्याचीच जास्त चीड येते मला. पण त्यांच्यावरची पानं नकोत.

भाऊ : आणि आत्याला?

ताई : तिलाही मीच सांगेन.

भाऊ : कुठला होता सिनेमा?

ताई : विनोदी होता. नाव घेऊन काय करायचंय.

भाऊ : हसलीस?

ताई : खूप. शेजारची बाई वळून बघत होती, इतकं.

भाऊ : मध्यंतरात एकदाही वाटलं नाही, घरी जाऊन बघावं?

ताई : वाटलं. बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत आलेही होते. मग म्हटलं, आता अर्धाच तर राहिलाय.