डंपस्टर आणि आमचे सासरे

किचन रिमॉडेल करताय ना? मग आधी इंडियाहून सासरे आलेत का ते बघा!

आमचं जुनं किचन तोडलं तेव्हा ड्राइव्हवेवर भला मोठा डंपस्टर, म्हणजे भाड्याची कचरापेटी, मागवला होता. मी त्यात कपाटांची दारं, फळ्या, नळ टाकायचो. संध्याकाळी बघावं तर डंपस्टर रिकामा आणि गॅरेज भरलेलं! नागपूरहून आलेले माझे सासरे सगळं परत काढून ठेवायचे.

"बाबा, अहो हे फेकायचंय!"

"अस्सल लाकूड आहे जावईबापू, कामात येईल."

बायको म्हणाली, "सोमवारी डंपस्टर न्यायला येतील. तू सांग त्यांना."

"वडील तुझे, तू सांग."

कोणीच सांगितलं नाही.

तशात शेजारचा जिम आम्हाला विचारून आपली मोडकी खुर्ची डंपस्टरमध्ये टाकून गेला. दुसऱ्या दिवशी तो सहज गॅरेजमध्ये डोकावला, तर बाबा त्याच खुर्चीवर बसून चहा पीत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी मात्र उठून त्यालाच बसवलं. "सिट, सिट. लेग रिपेअर्ड." जिम जपून बसला, हलून बघितलं. खुर्ची जराही डुगडुगली नाही. त्याने चहा घेतला आणि जाताना खुर्ची उचलून घरी घेऊन गेला.

बायको म्हणाली, "चला, गॅरेजमधून काहीतरी बाहेर गेलं एकदाचं!"

सोमवारी सकाळी बेल वाजली. मला वाटलं, डंपस्टरवाला आला. दारात जिम, हातात मोडकं स्टूल. डंपस्टरकडे बघितलंही नाही त्याने. मला म्हणाला, "इज डॅड अप?"